लोपामुद्रा नावातला 'लोप'

ताई,

आम्ही अमरावतीचे. आम्हाला मुलगी होऊन अठरा दिवस झाले. गुरुजींनी पत्रिका मांडली तर भरणी नक्षत्र, चौथा चरण, आणि अक्षर निघालं 'लो'. 'लो'वरून नावं अशी किती असणार? लोचना, लोकेश्वरी वगैरे पाहून झाल्यावर 'लोपामुद्रा' सापडलं आणि मी अडकलेच त्यात. ह्यांनाही आवडलं. पण सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "ज्या नावात लोप आहे ते नाव पोरीला ठेवतात का?" म्हणाल्या. त्या एरवी कशालाच नाही म्हणत नाहीत. माझं सगळं बाळंतपण त्यांनीच केलंय. पहाटे उठून अंघोळ, पूजा, शुक्रवारी ललितासहस्रनाम, आणि तरी माझा डिंकाचा लाडू कधी चुकला नाही. त्यांचं मन मोडायचं माझ्या जिवावर येतं.

नणंदेचं वेगळंच. ती म्हणते, नाव आहे की उच्चाराची परीक्षा, पोरं चिडवतील. शिवाय तिने कुठेतरी गोष्ट वाचली, की ऋषीनेच त्या मुलीला निर्माण केलं आणि त्यानेच तिच्याशी लग्न केलं. "असलं नाव?" म्हणाली. नेटवर पाहावं तर एके ठिकाणी अर्थ 'सुंदर स्त्री', दुसरीकडे 'विदुषी', तिसरीकडे 'अगस्तींची पत्नी'. हे म्हणतात, तुम्ही बायका ठरवा. बारसं सव्वा महिन्याला आहे. नावाचा खरा अर्थ काय? ते अशुभ आहे का? आणि इतकं दुर्मीळ नाव ठेवावं का?

'लो'ची आई

—

प्रिय 'लो'च्या आई,

बाळ-बाळंतिणीला आशीर्वाद. तुम्ही अमरावतीच्या, हे वाचून मला गंमत वाटली, कारण महाभारतातल्या लोपामुद्रेचं बारसं विदर्भातच झालं होतं. वनपर्वात ती हकीकत आहे. विदर्भाचा राजा अपत्यासाठी तप करत होता, त्याच्या घरी ही मुलगी आली, राजाने आनंदाने ब्राह्मणांना वर्दी दिली आणि त्यांनी तिचं नाव लोपामुद्रा ठेवलं. पुढे ती पाण्यातल्या कमळणीसारखी, अग्नीच्या ज्योतीसारखी भराभर वाढली असं वर्णन आहे. म्हणजे सासूबाईंना पहिली गोष्ट ही सांगा, की हे परक्या मुलखातून उचलून आणलेलं नाव नाही. दमयंती विदर्भाची, रुक्मिणी विदर्भाची, रघुवंशातली इंदुमती विदर्भाची. या तिघींची नावं आपल्या आजीच्या पिढीत गल्लोगल्ली होती. चौथीला मात्र माहेर विसरलं.

आता 'लोप'. सासूबाईंची शंका मी हसण्यावारी नेणार नाही. मराठी कानाला लोप म्हणजे नाहीसं होणं. चाल लोप पावते, वंश लोप पावतो, विद्या लोप पावते. बोलीत हा शब्द आजही जिवंत आहे आणि म्हणूनच तो टोचतो. मेलेल्या शब्दांचं बरं असतं, त्यांचा अर्थ कुणाला बोचत नाही. अपर्णा म्हणजे 'पानसुद्धा न खाणारी', हे अपर्णाला हाक मारताना कुणाच्या मनात येतं?

पण मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं, आणि 'लोप' शब्द निघाला की मला पहिल्यांदा पाणिनी आठवतो. अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात त्याने लोपाची व्याख्या दिली आहे: 'अदर्शनं लोपः'. दिसेनासं होणं म्हणजे लोप. नाश होणं असं तो म्हणत नाही. आणि मध्ये एक सूत्र सोडून लगेच सांगतो, 'प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्', प्रत्यय लोपला तरी त्याचं काम चालूच राहतं. 'राजा' हा शब्द घ्या. त्याच्यापुढचा प्रथमेचा प्रत्यय लोपलेला आहे, कुठे म्हणून दिसत नाही. पण मूळचा 'राजन्' बदलून 'राजा' झाला तो त्या न दिसणाऱ्या प्रत्ययामुळेच. मुलांना हे शिकवताना मी विचारायचे, घरात असं कोण आहे जे दिसत नाही पण ज्याच्यावाचून काही चालत नाही? वर्ग एका सुरात म्हणायचा, "आई!" एकदा एक मुलगा म्हणाला, "वायफाय." त्यालाही मी पूर्ण गुण दिले.

मुद्रा हा शब्द तर मराठी माणसाला शिकवायला नकोच. 'शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते' हे तोंडपाठ नसलेलं घर शोधावं लागेल. शिक्का, ठसा, खूण, अंगठी, चेहऱ्यावरचा भाव, नृत्यातला हात, हे सगळे मुद्रा शब्दाचेच अर्थ.

दोन्ही जोडले की काय होतं? सर्वांत प्रसिद्ध उलगडा असा आहे: अगस्तींनी वेगवेगळ्या प्राण्यांकडून जे जे अवयव अत्युत्तम ते घेऊन ही मुलगी घडवली, तिच्यापुढे बाकीच्यांच्या रूपाची मुद्रा लोपली, म्हणून ती लोपामुद्रा. दुसऱ्या स्त्रियांचा रूपाचा अभिमान घालवणारी, असाही अर्थ लावतात. हरिणीचे डोळे घेतले आणि अमक्याची चाल घेतली हा तपशील कथेकऱ्यांनी नंतर रंगवलेला; महाभारतात प्राण्यांची यादी नाही. आणि एक खरं सांगू का, हे सगळे उलगडे मला नावावरून मागाहून रचल्यासारखे वाटतात. व्याकरणाची एक बारीक अडचण आहेच. लोप आणि मुद्रा यांचा सरळ समास केला तर 'लोपमुद्रा' व्हायला हवं. 'पा'ला काना कुठून आला? मग कुणी 'लोपा' हे स्त्रीलिंगी रूप धरतं, कुणी 'लोप' अधिक 'अमुद्रा' अशी फोड करतं. नाव कथेहून पुष्कळ जुनं आहे. ते ऋग्वेदात आहे, आणि ऋग्वेद त्याचा अर्थ सांगत बसत नाही.

म्हणून नेटवरच्या त्या याद्या मिटून ठेवा. तिथे मुलीच्या प्रत्येक नावाचा अर्थ एक तर लक्ष्मी असतो नाही तर सुंदर. 'विदुषी' हा अर्थ लोपामुद्रेच्या कीर्तीवरून आला आहे, शब्दातून नव्हे. गार्गीचा अर्थही असाच 'बुद्धिमान' म्हणून देतात, वास्तविक ती गर्गकुळातली म्हणून गार्गी.

नणंदबाईंच्या आक्षेपाकडे येते. त्यांना जे खटकलं ते मलाही खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण लोपामुद्रा दोन आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पहिली ऋग्वेदातली. पहिल्या मंडलातलं १७९ वं सूक्त, मंत्र फक्त सहा. परंपरेनुसार पहिले दोन तिचे, मधले दोन अगस्तींचे आणि शेवटचे दोन त्यांच्या शिष्याचे. या सूक्तात तिला कुणी घडवल्याची कथा नाही, राजवाडा नाही, विदर्भ नाही. बरीच वर्षं संसार झालेली एक स्त्री आहे आणि बोलायला सुरुवात ती करते. 'पूर्वीरहं शरदः शश्रमाणा दोषा वस्तोरुषसो जरयन्तीः', कित्येक शरद ऋतू मी रात्रंदिवस राबते आहे, उगवणारी प्रत्येक पहाट म्हातारपण जवळ आणते आहे. पुढे म्हणते, म्हातारपण शरीराची कांती हिरावून नेतं, तर नवऱ्यांनी आता बायकांजवळ यावं. इतकं स्वच्छ. तपात बुडालेल्या नवऱ्याला बायकोने सांगितलेलं हे गाऱ्हाणं आहे आणि ते वेदांत जपून ठेवलं गेलं. चौथ्या मंत्रात तिचं नावही येतं, आणि तिथे अगस्तींना 'धीर' तर तिला 'अधीरा' म्हटलं आहे. मला ती अधीरा फार आवडते.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. नाव ठेवाल तर उद्या मुलगी विचारेल, लोपामुद्रा कोण होती? तेव्हा 'महान ऋषिपत्नी' एवढ्यावर तिची बोळवण करू नका. आधी लहानपणची गोष्ट सांगा आणि ती कळती झाली की हे सूक्त तिच्या हातात द्या. पतीकडे शरीरसुखाची मागणी करणारी बाई म्हणून नाक मुरडणारे काका-मामा भेटतीलच. त्यांच्याकडून अर्धवट कळण्यापेक्षा आईकडून नीट कळलेलं बरं. तुम्हालाच हे सांगताना अवघडल्यासारखं होणार असेल तर मात्र नावाचा फेरविचार करा. नाव घ्यायचं आणि नाववाली लपवायची, हे मला पटत नाही.

दुसरी लोपामुद्रा महाभारतातली. इथे अगस्तींना आपले पितर खड्ड्यात उलटे टांगलेले दिसतात, वंश चालवायला मुलगा हवा म्हणून ते सांगतात, अगस्तींना जोगती मुलगी दिसत नाही, म्हणून ते घडवतात आणि विदर्भराजाला देतात. वयात आल्यावर मागणी घालायला येतात. राजाच्या जिवावर येतं, पण नाही म्हटलं तर शाप. तेव्हा मुलगीच म्हणते, मला त्यांना द्या आणि स्वतःला वाचवा. नणंदबाई इथपर्यंतच वाचून थांबल्या असाव्यात. पुढे वाचायला सांगा. लग्नानंतर ऋषी म्हणतात, ही भारी वस्त्रं आणि दागिने टाक. ती टाकते, वल्कलं नेसते, तपात त्यांच्या बरोबरीने राहते. मग एके दिवशी ते तिच्याजवळ येतात, तेव्हा मात्र ती हात जोडून अट घालते: माझ्या वडिलांच्या घरी जशी शय्या होती तशी इथे हवी, तुम्हीही अलंकार घाला, मलाही घाला, या काषायवस्त्रांत मी येणार नाही. ते म्हणतात, तेवढं धन माझ्यापाशी नाही. ती म्हणते, तपाने मिळवाल. ते म्हणतात, तप खर्ची पडेल. त्यावर तिचं उत्तर आहे की तुमच्या धर्माचा लोप व्हावा असंही मला वाटत नाही. मूळ शब्द 'विलोप्तुम्', तोच धातू! लोप नावात घेऊन फिरणारी ही बाई 'लोप होऊ देऊ नका' म्हणते. सासूबाईंना हे ऐकवाच.

आणि मग अगस्ती ऋषी बायकोच्या अटीपायी धन मागायला घराबाहेर पडतात. तीन राजांकडे जातात. तिघेही जमाखर्च समोर मांडतात, जमा तेवढाच खर्च, शिल्लक शून्य. त्यातून घेतलं तर प्रजेला त्रास होईल म्हणून ऋषी काही घेत नाहीत आणि शेवटी इल्वल नावाच्या दैत्याकडे पोचतात. पुढची गोष्ट तुम्हाला पाठ असेल: इल्वलाने भाऊ वातापीला मेंढा करून रांधून वाढलं आणि अगस्तींनी तो पचवून टाकला. आपल्याकडे जेवणानंतर पोटावर हात फिरवत अगस्तींचं नाव घेतात ते याच्यावरूनच. शाळेच्या पुस्तकात वातापी असतो, ढेकर असते. ऋषी त्या दारात गेलेच का, हे कुणी सांगत नाही. बायकोने नीट अंथरूण मागितलं म्हणून गेले.

मुलाबद्दलही निवड तिचीच. अगस्ती विचारतात, हजार मुलगे हवेत, का दहाजणांच्या तोडीचे शंभर, का शंभरांच्या तोडीचे दहा, का हजारांच्या तोडीचा एक? ती म्हणते, एकच. तो दृढस्यू. लहानपणापासून बापाच्या घरी समिधांचे भारे वाहायचा म्हणून त्याला इध्मवाहही म्हणत.

सासूबाईंसाठी आणखी एक गोष्ट राखून ठेवली आहे. तुम्ही लिहिलंत की त्या शुक्रवारी ललितासहस्रनाम वाचतात. त्यात 'लोपामुद्रार्चिता' हे देवीचं एक नाव आहे, लोपामुद्रेने जिची पूजा केली ती. 'लोपामुद्रार्चिता लीलाकॢप्तब्रह्माण्डमण्डला', ओळ त्यांच्या तोंडात असेल. ते सहस्रनाम हयग्रीवांनी सांगितलं तेही अगस्तींनाच. श्रीविद्या या देवीच्या उपासनेत तिच्या पंधरा अक्षरी मंत्राचे दोन मोठे पाठ आहेत, 'क'ने सुरू होणारा आणि 'ह'ने सुरू होणारा, आणि 'ह'चा पाठ लोपामुद्रेच्या नावावर आहे. तिकडे कर्नाटकात कोडगूमध्ये तर तिला कावेरीचंच रूप मानतात: अगस्तींच्या कमंडलूत ती होती, तिथून निसटली आणि नदी होऊन वाहिली. एकूण, सासूबाई दर शुक्रवारी हे नाव उच्चारतच आल्या आहेत. फक्त हे त्यांना जिंकल्याच्या आवाजात सांगू नका. पोथी त्यांची आहे. एखाद्या शुक्रवारी त्यांच्याजवळ बसा आणि "आई, या नावाचा अर्थ काय हो?" म्हणून विचारा. त्या सांगतील. मग गप्प बसा. दोन दिवस जाऊ द्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, दुर्मीळपणाचा. हे नाव सगळीकडे दुर्मीळ नाही. ओडिशात आणि बंगालमध्ये लोपामुद्रा नावाच्या मुली सहज भेटतात. बंगाली गायिका लोपामुद्रा मित्र तर सर्वांना ठाऊक आहेत. आणि मजा पाहा, बंगालीतही 'लोप'चा अर्थ आपल्यासारखाच आहे, तिथेही परंपरा लोप पावतात. तरी त्या लोकांना नाव ठेवताना भीती वाटली नाही. घरी 'लोपा' म्हणून हाक मारतात आणि संपलं. आपल्याकडे अगदीच नाही असंही नाही. तुमच्या शेजारची नागपूरची लोपामुद्रा राऊत सौंदर्यस्पर्धांतून आणि 'बिग बॉस'च्या दहाव्या पर्वातून घराघरांत पोचली. त्यामुळे नाव सांगितल्यावर पूर्वीसारखं "काय म्हणालात?" ऐकावं लागणार नाही, फार तर "त्या टीव्हीवाल्या मुलीचं का?" असं ऐकावं लागेल.

मराठीत ते का रुजलं नाही याबद्दल माझा एक अंदाज आहे. आपल्या पणज्यांची नावं नद्यांवरून आणि देवींवरून होती, गोदावरी, यमुना, सरस्वती, पार्वती. ऋषींच्या घरातल्या बायकांपैकी अनसूया आणि अहिल्या पुराणिकांच्या तोंडून आल्या, अरुंधती लग्नात तारा दाखवतात म्हणून आली. गार्गी आणि मैत्रेयी शिकलेल्या मध्यमवर्गाने उपनिषदांतून उचलल्या, वादविवाद करणाऱ्या, अंगावर काही डाग नसलेल्या. लोपामुद्रा या कुठल्याच खणात बसत नव्हती. तिची कथा कीर्तनात सांगायला अवघड. पतिव्रता म्हणावी तर ती अटी घालते, ब्रह्मवादिनी म्हणावी तर ती ब्रह्माबद्दल बोलतच नाही.

व्यवहाराचं बोलू. बावीस वर्षं मी रोज सकाळी हजेरी घेतली आहे, त्यामुळे नावांच्या बाबतीत माझं मत फुकटचं नाही. मुलांना त्रास दुर्मीळ नावाचा होत नाही, ज्याचा उच्चार घरचेच तीन तऱ्हांनी करतात त्या नावाचा होतो. लोपामुद्रामध्ये अडखळायची जागा एकच, 'द्र'. ज्या तोंडांना चंद्रा आणि सुभद्रा जमतात त्यांना हेही जमेल. रोमन लिपीत लिहायला तर फारच सोपं: नऊ अक्षरं, आणि सगळा देश एकाच पद्धतीने लिहितो. ज्ञानेश्वरी नावाच्या माझ्या एका विद्यार्थिनीला बारा अक्षरं लागायची, आणि 'ज्ञ'चं काय करायचं यावर दर कार्यालयात नवा निकाल. तिच्या दहावीच्या आणि बारावीच्या कागदांवर दोन वेगळी नावं आली आणि ती नीट करता करता तिच्या वडिलांच्या चपला झिजल्या.

चिडवणं होईल. 'मुद्रा लोन मिळालं का?' हा विनोद अटळ आहे. २०१५ साली ती कर्जयोजना आली तेव्हापासून मुद्रा नावाच्या सगळ्याच मुलींच्या वाट्याला तो येतो. 'लोपा'चं लॉलीपॉपही होईल. चौथी-पाचवीपर्यंत हे चालतं, नंतर मुलांना आडनावं सापडतात. आणि वर्गात एकाच वेळी चार अन्वी आणि तीन आराध्या असल्या की बाई त्यांना 'अन्वी के', 'अन्वी पी' करतात, हेही मी पाहिलंय, केलंय.

घरात हाक मारायचं नाव आत्ताच ठरवून टाका, नाही तर शेजारी ठरवतील. लोपा गोड आहे. मुद्रा भारदस्त आहे. दोन्हीपैकी सासूबाईंना मुद्रा सुचवून पाहा, त्यात लोप नाही! एवढ्यानेही प्रश्न सुटण्याची शक्यता मला बरीच वाटते. गुरुजींचं 'लो' कागदावर राहील, तुमचं लोपामुद्रा दप्तरावर राहील, आणि आजी दिवसभर "मुद्रे, इकडे ये गं" म्हणत राहतील.

पूर्ण नाव मराठीत चालवायची एक गंमत सांगते. लोपामुद्रेला की लोपामुद्राला? व्याकरणाने 'लोपामुद्रेला'. पण सीतेला, राधेला असं म्हणणारे आपणही घरातल्या स्नेहाला 'स्नेहाला'च म्हणतो. जिवंत माणसाच्या नावाला आपण हल्ली हात लावत नाही. वेदातली ती लोपामुद्रेने म्हटलं, तुमची ती लोपामुद्राने म्हटलं, असं मी स्वतःपुरतं ठरवलं आहे.

अक्षराबद्दलही बोलून घेऊ. नक्षत्रावरून नावाचं अक्षर काढायच्या अवकहडा चक्रात भरणीची चार अक्षरं ली, लू, ले, लो. चौथ्या चरणाला 'लो', म्हणजे गुरुजींनी बरोबर सांगितलं. पण जुन्या पद्धतीत हे झालं जन्मनाव. ते पत्रिकेत लिहायचं, संकल्पाला वापरायचं आणि व्यवहारात वेगळं नाव ठेवायचं. कित्येक घरांत जन्मनाव आईवडिलांखेरीज कुणाला माहीतही नसे. तेव्हा शुक्रवारच्या गप्पांनंतरही सासूबाईंचं मन तयार झालं नाही, तर लोपामुद्रा जन्मनाव ठेवा आणि चालवायला दोघींना आवडेल ते दुसरं. उलटही करता येईल. माझं मत विचाराल तर लोपामुद्राच चालवावं. पण ज्या बाईने पहाटे उठून तुमचं सगळं बाळंतपण केलं तिच्या डोळ्यात पाणी आणून नव्हे.

यजमानांना सांगा, "तुम्ही बायका ठरवा" हे चालायचं नाही. आई त्यांची आहे. नाव त्यांनाही आवडलंय म्हणता, मग आईशी पहिलं बोलणं त्यांनी करावं आणि तुम्ही त्या वेळी बाळाला घेऊन आत असावं. सुनेने सुचवलेलं नाव आणि मुलाने सुचवलेलं नाव यांचं वजन सासूच्या तराजूत वेगळं भरतं. वाईट आहे, पण आहे.

नणंदबाईंना मात्र तुम्हीच हाताळा. बारशाच्या दिवशी पाळण्याशी वाकून कानात 'कुर्र' करून नाव सांगणार ती आत्याच. तिला महाभारताचा राहिलेला भाग सांगा, दागिने मागणारी लोपामुद्रा तिला आवडेल असा माझा होरा आहे. आणि तिच्याकडून नाव मोठ्याने दहा-बारा वेळा म्हणवून घ्या. नाव टिकणार की नाही हे त्यातच कळतं. पाचव्या वेळेला तिचं तिलाच हसू येईल, दहाव्या वेळेला नाव जिभेवर बसेल. बसलंच नाही तर मला परत लिहा.

कागदांची घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ती तेच कळवतात, तरी या तीन दिवसांत एकदा विचारून घ्या. नोंद नावाशिवायही होते. नाव नंतर घालता येतं, बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. म्हणजे बारसं होऊन नाव पक्कं होईपर्यंत तुमच्यावर कसलाही दबाव नाही. पण एकदा घातलं की ते दगडावरची रेघ समजा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, आणि त्यावर जसं नाव असेल तसंच ते पुढे सगळीकडे उतरत जातं. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. तुमचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते त्रिवेणी-भाग्यश्रीसारखं लांब असेल तर चारही नावं एका दमात म्हणून पाहा. अर्ज भरताना रोमन अक्षरं तुम्ही स्वतः लिहा, शेवटी एकच 'ए' ठेवा, आणि दाखला हातात आला की खिडकीसमोरून हलायच्या आधी तो वाचा. लोपमुद्रा छापलेलं असेल तर तिथेच परत द्या. तो 'पा'चा काना व्याकरणकारांनाही सुटलेला नाही, कारकुनाचा चुकला तर नवल नाही.